नादकाट्याच्या चाचण्या: तीनशे वर्षांची वाट

एका कानात बोट घाला आणि ओठ मिटून नुसतं गुणगुणा. आवाज बंद केलेल्या कानातच जास्त घुमतो. नादकाट्याने, म्हणजे ठोकल्यावर एकच सूर देणाऱ्या दोन शाखांच्या धातूच्या काट्याने (ट्यूनिंग फोर्क), कान तपासण्याची पद्धत या एवढ्याशा गोष्टीवर उभी आहे.

आवाज हाडातूनही कानापर्यंत पोचतो, हे सोळाव्या शतकात इटलीतल्या वैद्यांना माहीत होतं. पादुआच्या काप्पिवाच्चोने त्यातून तपासणीच काढली. लोखंडी सळईचं एक टोक रुग्णाच्या दातांत, दुसरं तंतुवाद्याच्या तारेवर. तार छेडल्यावर ऐकू आलं तर दोष कानाच्या पडद्याकडे, नाही आलं तर ऐकण्याच्या नसेकडे. आजच्या चाचण्यांमागचा विचार इथेच दिसतो, आणि मला तो थक्क करतो. अडचण साधनाची होती.

नादकाटा १७११ च्या सुमारास जॉन शोर या इंग्लिश वादकाने बनवला, तोही वाद्य सुरात लावण्यासाठी. १८२७ मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टोनने आणि १८३४ मध्ये लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबरने नोंदवलं, की डोक्याला टेकवलेल्या काट्याचा नाद झाकलेल्या कानात मोठा वाटतो. वेबर रोग शोधत नव्हता. रुग्णांच्या तपासणीत हे आणलं ड्रेस्डेनच्या एडुआर्ड श्माल्त्स यांनी, १८४५ मध्ये. चाचणीला नाव मात्र वेबरचं राहिलं.

१८५५ मध्ये जर्मन डॉक्टर हाइनरिख रिने यांनी एकाच कानाची तुलना मांडली. काटा आधी कानामागच्या हाडावर टेकवायचा, तिथला नाद विरला की कानासमोर धरायचा. निरोगी कानाला तो पुन्हा ऐकू येतो. याला ‘रिने पॉझिटिव्ह’ म्हणतात. इतर तपासण्यांत पॉझिटिव्ह म्हणजे काहीतरी सापडलं. इथे ते चांगलं लक्षण, म्हणून नवशिके हमखास गोंधळतात. रिने पुढे मानसोपचाराकडे वळले आणि चाचणी बराच काळ पडून राहिली. लुके आणि बेझोल्ड या जर्मन कानतज्ज्ञांनी ती रुळवली.

एकट्या रिने चाचणीवर विसंबलं तर फसगत होऊ शकते. एक कान पूर्ण बहिरा असेल, तर हाडावर टेकवलेल्या काट्याचा नाद कवटीतून पलीकडच्या चांगल्या कानात जातो आणि रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो, ‘ऐकू येतंय’. बहिरा कानच हाडातून ऐकतोय, असं मग वाटतं. म्हणून जोडीला वेबरची चाचणी हवीच. काटा बहुधा ५१२ हर्ट्झचा घेतात: खालच्या पट्टीचा नुसताच थरथरत जाणवतो, वरच्या पट्टीचा लवकर विरतो.

१९२० च्या दशकात विजेवर चालणारे ऑडिओमीटर (श्रवण मोजणारी यंत्रं) रुळू लागले आणि बहिरेपणा डेसिबलमध्ये मोजता येऊ लागला. किती ऐकू येत नाही ते काटा सांगत नाही, अडथळा कुठे आहे ते सांगतो. सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झालेला माणूस समोर बसतो, तेव्हा नेमकं हेच कळायला हवं असतं. कपाळावरच्या काट्याचा नाद बंद कानाकडे गेला तर मळ किंवा पडद्याआडचं पाणी असू शकतं. चांगल्या कानाकडे गेला तर संशय नसेवर किंवा आतल्या कानावर, आणि मग स्टेरॉइडचे उपचार लगेच सुरू करायचे की नाही हे त्याच दिवशी ठरवावं लागतं.