धुरांड्याच्या पोटातल्या भेगा

फायरप्लेसमधली राख काढताना कधी तरी एक तांबूस, सपाट, बोटभर जाडीची कपची हाताला लागते. विटेचा तुकडा असेल असं समजून ती राखेबरोबर फेकली जाते. पण जरा निरखून पाहावं. तिची एक बाजू गुळगुळीत आणि काळी, तर दुसरी स्वच्छ आणि मातकट असेल, तर ती विटेची नाही. धुरांड्याच्या आत जे भाजलेल्या मातीचे नळ बसवलेले असतात, त्यांतल्या एखाद्या नळाची ती कपची आहे. म्हणजे जो थर जाळ आणि धूर यांना घरापासून वेगळं ठेवतो, तोच वर कुठेतरी फुटला आहे.

बाहेरून दिसतो तो विटांचा मनोरा. खरं काम करतं त्याच्या आतलं आस्तर. साधारण ६० सेंटीमीटर लांबीचे नळ एकावर एक रचून सांधे बांधकामाच्या मसाल्याने बुजवलेले असतात. त्याहून जुन्या घरांत नळही नसतात, विटांवर आतून नुसता चुन्याचा गिलावा असतो. ब्रिटनमध्ये त्या गिलाव्यात गाईचं शेणही मिसळत असत. आस्तराला इतकं महत्त्व का, हे १९४० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने केलेल्या चाचण्यांतून स्पष्ट झालं. आस्तर नसलेल्या धुरांड्याच्या विटांमधून उष्णता इतक्या वेगाने बाहेर आली, की शेजारच्या लाकडाने साडेतीन तासांत पेट घेतला.

मग आस्तराला भेग पडली तर लगेच कळत का नाही? याचं उत्तर धुरांडं चालतं कसं यात आहे. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो असतं. तीच हवा २०० अंशांपर्यंत तापली की ते पाऊण किलोच्या आसपास उतरतं. आतला हलका धूर वर चढतो आणि बाहेरची जड हवा त्याची जागा घ्यायला खालून आत येते. सहा मीटर उंचीच्या धुरांड्यात यातून तयार होणारा दाबाचा फरक जेमतेम २६ पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण चार हजारावा भाग. एवढ्याशा ओढीवर सगळा कारभार चालतो. आणि ओढ चालू असते तोवर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे भेगेतून धूर बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवाच आत खेचली जाते. जाळ छान पेटलेला, खोलीत धुराचा वासही नाही, आणि वर नळ उभा चिरलेला, असं सहज असू शकतं.

धोका वाढतो तो जाळ विझत आल्यावर. निखारे धुमसत असतात, धूर थंडावतो, ओढ मंदावते, आणि निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड मात्र निघतच असतो. त्या वेळी वारा उलटा फिरला तर हा वायू भेगेतून भिंतीच्या पोकळीत आणि तिथून वरच्या खोल्यांत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. लाकूड जाळणाऱ्या घरात झोपण्याच्या खोलीजवळ या वायूची सूचना देणारा अलार्म हवाच, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

भेगा पडतात कशा? सर्वांत मोठं कारण म्हणजे धुरांड्यातच लागलेली आग. लाकूड अर्धवट जळलं की धुरात डांबरी वाफा राहतात. नळाचा पृष्ठभाग साधारण १२० अंशांच्या खाली गेला की त्या तिथे थिजतात. हेच क्रिओसोट. आधी ते भुरभुरीत काजळीच्या रूपात असतं, मग खरबरीत खडे होतात, आणि शेवटी काळा, चकचकीत, काचेसारखा कडक थर बनतो. तो एकदा पेटला की आतलं तापमान १००० अंशांच्या वर जाऊ शकतं. नळाची आतली बाजू काही मिनिटांत तापून फुगते, पण माती उष्णता सावकाश नेत असल्याने बाहेरची बाजू थंडच राहते. जाड काचेच्या पेल्यात एकदम उकळतं पाणी ओतल्यावर जे होतं तेच इथे होतं. भाजलेली माती दाब सोसते, ताण सोसत नाही, म्हणून नळ उभा चिरतो. अशा कितीतरी आगी आवाज न करता लागतात आणि आपोआप विझतात. घरच्यांना पत्ताही लागत नाही.

दुसरं कारण पाणी. ते फक्त पावसाचं नसतं. एक किलो पूर्ण वाळलेलं लाकूड जळलं तरी त्यातल्या हायड्रोजनपासून अर्ध्या किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ओल्या लाकडातलं पाणी आणखी वेगळं. थंड नळात ही वाफ निवते, धुरातली आम्लं तिच्यात विरघळतात, आणि तो आंबट ओलावा सांध्यांतला चुना खात बसतो. वरून पावसाचं पाणी येतं ते माथ्यावरच्या सिमेंटच्या थराला गेलेल्या तड्यांतून, नाहीतर छप्पर आणि धुरांडं जिथे भेटतात तिथल्या उचकटलेल्या पत्र्याखालून. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून थंड प्रदेशात विटांचे पोपडे उडतात. बाहेरून विटांवर पांढरा लोणा दिसला, तर पाणी भिंतीतून ये-जा करतंय हे नक्की समजावं.

भेगेमागे लाकडाची तुळई असेल तर मामला आणखी गंभीर होतो. जुन्या घरांत तुळयांची टोकं थेट धुरांड्याच्या विटांना टेकवलेली सापडतात. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे घराच्या आतून जाणारं धुरांडं आणि लाकूड यांच्यात किमान ५ सेंटीमीटर मोकळी जागा लागते. वर्षानुवर्षं शेकत राहिलेलं लाकूड आतून हळूहळू कोळशासारखं होत जातं, आणि मग ताज्या लाकडाला लागते त्याहून बरीच कमी उष्णता त्याला पेटायला पुरते. तीस वर्षं काही झालं नाही, म्हणून पुढेही होणार नाही, हा भरवसा इथे अजिबात चालत नाही.

तपासणी नेहमी सफाईनंतर करावी, कारण क्रिओसोटचा थर भेगा बेमालूम झाकतो. खालून टॉर्च मारून फार तर पहिला नळ दिसतो. कॅमेरा दोरीने किंवा दांड्याने पूर्ण उंचीभर फिरवावा लागतो, आणि प्रत्येक सांध्यापाशी थांबून चहूबाजूंनी पाहावं लागतं. मसाला गळून गेलेला सांधा, एकमेकांवरून सरकलेले दोन नळ, वरपासून खालपर्यंत गेलेली केसासारखी रेघ, हे सगळं तिथेच दिसतं. आग लागून गेल्यावर, घर विकत घेताना किंवा जुन्या फायरप्लेसमध्ये लाकूड जाळायचा नवा बंदिस्त स्टोव्ह बसवण्याआधी ही तपासणी टाळू नये. आणि चित्रण स्वतः मागून पाहावं. ते न दाखवता थेट आस्तर बदलायला सांगणाऱ्याला काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुरुस्तीत आधी पाणी बंद करायचं. माथ्याचा थर नव्याने ओतून तो भिंतीच्या थोडा बाहेर काढायचा, म्हणजे पागोळी विटांपासून दूर पडते. वर जाळीची टोपी बसवायची. जुन्या मऊ विटांच्या सांध्यांत कडक सिमेंट भरण्याचा मोह मात्र आवरायला हवा. सांधा विटेहून कडक झाला की ओल आणि ताण दोन्ही विटेवर येतात आणि विटेचाच दर्शनी पापुद्रा उडतो. तिथे चुन्याचाच मसाला हवा.

आता आस्तर. नुसते सांधे रिकामे झाले असतील आणि नळ शाबूत असतील, तर उष्णता सोसणारा मसाला आतून फिरवून सांधे भरता येतात. एक-दोन नळ फुटले असतील तर भिंत फोडून ते बदलता येतात, पण त्यात खूप तोडफोड होते. बहुतेक ठिकाणी स्टेनलेस स्टीलची नळी वरून सोडतात, आणि माझी पसंतीही तिलाच आहे, पण भोवती उष्णतारोधक आवरण असेल तरच. आवरणामुळे विटा थंड राहतात आणि धूर गरम राहतो, म्हणजे क्रिओसोटही कमी धरतं. स्टील तापल्यावर बरंच वाढतं. आठ मीटरची नळी ४०० अंशांनी तापली तर तिची लांबी सुमारे ५ सेंटीमीटर वाढते. म्हणून तिची दोन्ही टोकं घट्ट जखडली तर ती वाकते किंवा सांध्यात उघडते. धुरांडं वाकडंतिकडं किंवा आतून खिळखिळं असेल तर आत फुगवलेला रबरी साचा ठेवून त्याच्याभोवती खास काँक्रीट ओततात. साचा काढला की अखंड नळी तयार होते आणि जुन्या विटांनाही आधार मिळतो.

यातल्या कुठल्याही उपायाने आतली जागा कमी होते, याचा हिशेब आधीच करावा लागतो. उघड्या फायरप्लेससाठी नळीचं क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक दशांश लागतं. ते कमी पडलं तर धूर खोलीत येतो. स्टोव्हचं याच्या उलट आहे. त्याचा थोडासा धूर जुन्या प्रशस्त धुरांड्यात रेंगाळतो, थंड होतो आणि भिंतींवर थिजतो. चांगला, महागडा स्टोव्ह बसवूनही धुरांडं पूर्वीपेक्षा लवकर तुंबतं ते यामुळेच.

जाळाच्या जागेतल्या विटांसाठी साधं सिमेंट निरुपयोगी आहे. त्यातलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड ४५० अंशांच्या आसपास पाणी सोडून मोडतं आणि सांधा भुसभुशीत होतो. तिथे भट्टीसाठी बनवलेला मसालाच लागतो. असं काम नवं असताना पहिल्या आगी लहान ठेवाव्या लागतात. मसाल्यातलं उरलेलं पाणी सावकाश निघून गेलं नाही, तर त्याचीच वाफ नव्या गिलाव्याचा पापुद्रा फोडून बाहेर येते.