सापाच्या टबमधले किडे: रक्त पिणारे माइट्स की कोकोपीटमधले?

पावसाळा लागला की बॉल पायथन (घरात पाळला जाणारा छोटा आफ्रिकी अजगर) पाळणाऱ्यांच्या घरात हा प्रश्न हमखास येतो, साप ठेवलेल्या टबमध्ये बारीक बारीक किडे फिरतायत, आता काय करू? मग एक जण म्हणतो ताबडतोब औषध मार, दुसरा म्हणतो काही नाही रे, कोकोपीट बदल, होईल ठीक. (कोकोपीट म्हणजे टबच्या तळाशी अंथरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा.) खरं तर दोघांचंही बरोबर असू शकतं, कारण हे दोन वेगवेगळे जीव आहेत आणि दोघांनाही आपण सरसकट माइट्सच (गोचिडासारखे, पण त्याहून बारीक जीव) म्हणतो. पण उपायांची अदलाबदल झाली की एकतर साप उगाच औषधात भिजतो, नाहीतर नुसतं कोकोपीट बदलून आपण निवांत बसतो आणि तिकडे माइट्स सापाचं रक्त पीतच राहतात.

पहिला म्हणजे सापाचा माइट, शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. हा सापाच्या रक्तावरच जगतो. रक्त प्यायलेली मादी काळपट लाल, खसखशीच्या दाण्याएवढी, नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिच्या आवडीच्या जागा ठरलेल्या आहेत, डोळ्याभोवतीची खाच, हनुवटीखालची घडी, बॉल पायथनच्या ओठांवरचे उष्णता ओळखणारे खड्डे, आणि शेपटीच्या मुळाशी असलेलं गुदद्वार. डोळ्याच्या कडेला काळा मणी चिकटल्यासारखा दिसला किंवा तिथला खवला जरा उचललेला वाटला तर टॉर्च आणि भिंग घेऊन नीट बघा. अंगावर पांढरी धूळ सांडल्यासारखे ठिपके दिसतात ती या माइट्सची विष्ठा असते.

दुसरा प्रकार सबस्ट्रेटमधल्या, म्हणजे टबच्या तळाशी अंथरलेल्या थरातल्या माइट्सचा, आणि यात एकच जात नसते, बुरशी खाणारे, कुजकी पानं-लाकूड खाणारे असे बरेच प्रकार येतात. कोकोपीट, सालीचा भुसा, बाहेरून आणलेलं लाकूड यातून ते घरात शिरतात आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवाच एवढी दमट असते की टबमध्ये थोडी बुरशी धरली तरी त्यांची चंगळ होते. रंग पांढरट किंवा फिकट तपकिरी, चाल संथ, आणि घोळका सापावर नाही तर विष्ठेवर, पडलेल्या कातीवर, लाकडाच्या ओल्या बाजूवर, पाण्याच्या भांड्याच्या बाहेरच्या कडेवर. सापाला ते चावत नाहीत. बोट जवळ नेल्यावर टुणकन उडी मारली तर तो माइटच नाही, स्प्रिंगटेल नावाचा निरुपद्रवी बारीक किडा आहे, त्याला खुशाल राहू द्या.

आता घोळ कुठे होतो, तर नुसत्या रंगावर जाऊन. सापाच्या माइटची पिल्लंसुद्धा रक्त पिण्याआधी फिकटच असतात, त्यामुळे फिकट दिसला म्हणजे निर्धोक असं धरू नका. उलट सबस्ट्रेटमधला एखादा माइट चालता चालता सापाच्या अंगावरही चढतो. साप तासन् तास पाण्यात बसला की लगेच माइट्स झाले असं लोक म्हणतात, पण कात टाकायच्या आधीही काही साप असेच बसतात आणि टब फार तापला तरी बसतात. पाण्याच्या तळाशी काळे मेलेले ठिपके असतील तर मात्र संशय पक्का होतो. माझ्या मते सगळ्यात भरवशाची चाचणी म्हणजे पांढरा टिश्यू थोडा ओला करून सापाच्या अंगावरून मानेपासून शेपटीपर्यंत हळूच फिरवायचा. टिश्यूवर आलेला ठिपका नखाने दाबल्यावर लालसर-काळा डाग पडला तर ते रक्त आहे, म्हणजे शंकाच नको. टिश्यू स्वच्छ निघाला तरी दोन-तीन दिवस टबमध्ये नुसता पांढरा कागद अंथरून बघत राहा.

अमेरिका-युरोपात राहणाऱ्यांसाठी अजून एक गोष्ट, तिकडे शिकारी माइट्स विकत मिळतात, उदाहरणार्थ चेलेटस इरुडिटस, जे सापाच्या माइट्सना खातात. कोणी ते सोडले असतील तर टबमध्ये फिरणारा फिकट किडा आपल्या बाजूचाही असू शकतो.

सबस्ट्रेटवाल्यांचा इलाज सोपा आहे. सगळं कोकोपीट काढून टाका, टब गरम पाण्याने धुऊन खडखडीत वाळवा, नवीन सबस्ट्रेट कमी ओलं ठेवा, विष्ठा त्याच दिवशी उचला, हवा खेळती ठेवा. औषधाचा एक थेंबही लागत नाही.

सापाच्या माइटचं मात्र तसं नाही, कारण मादी अंडी सापावर घालतच नाही, ती उतरून टबच्या कोपऱ्यात, झाकणाच्या फटीत, लाकडाच्या भेगेत घालते, एक मादी आयुष्यात साधारण ६० ते ८०. उबेत आणि दमटपणात अंड्यापासून मोठा माइट व्हायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून सापाला आंघोळ घालून अंगावरचे बुडवले तरी टबमधले परत चढतात, शिवाय डोक्यावरचे बुडतच नाहीत. साप आणि टब दोन्हीवर एकाच वेळी उपचार हवेत आणि किडा दिसेनासा झाल्यावरही काही आठवडे चालू ठेवायला हवेत. सबस्ट्रेट पिशवीत बांधून घराबाहेर, लाकूड फेकून द्या, टबमध्ये फक्त कागद, पाण्याचं भांडं आणि धुता येईल असा प्लास्टिकचा हाईड (सापाला लपायची जागा).

औषध कुठलं आणि किती हे सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटलाच ठरवू द्या, इथे मी अगदी हट्टाने सांगतोय. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून सापावर मारल्याने साप मरू शकतो. परमेथ्रिन हे कीटकनाशक टबला मारलं तर ते पूर्ण वाळून वास जाईपर्यंत साप आत ठेवायचा नाही, पाण्याचं भांडंही बाहेर, आणि घरात मांजर असेल तर जास्तच जपा, कारण मांजरांना ते विषारी आहे. कासव असेल तर आयव्हरमेक्टिन या परजीवी मारणाऱ्या औषधाचं नाव काढू नका, कासवं त्याने मरतात. डोळ्याभोवती खूप माइट्स असतील, साप मलूल असेल किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर घरगुती प्रयोगात वेळ घालवू नका, रक्त कमी झालेलं असू शकतं आणि सोबत जंतुसंसर्गही असू शकतो.

एका टबमध्ये सापडले की शेजारच्या टबांनाही लागण आहे असंच समजून चाला, हे माइट्स चालत जातात, आपल्या हातांवरून, बाह्यांवरूनही जातात आणि कधीकधी आपल्यालाही चावून पुरळ उठवतात. नवीन साप आणला की दुसऱ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर, निदान दोन-तीन महिने. जे सर्पमित्र धामण-नाग रेस्क्यू करून घरी येतात आणि घरात बॉल पायथनही आहे, त्यांनी आधी आंघोळ, कपडे धुवायला, मगच आपला साप हातात घ्यायचा. आणि रेस्क्यूची पिशवी, हुक टबच्या खोलीत आणायचेच नाहीत.