उच्छ्वास नसलेले नळ

कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे पाणी आणणारा पेशवेकालीन नळ पुणेकरांना निदान ऐकून तरी माहीत असतो. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधलेला हा भुयारी मार्ग. त्यावर ठिकठिकाणी जमिनीबाहेर डोकं काढणारे बांधीव उच्छ्वास होते. कोंडलेली हवा निघून जावी, माणसाला आत उतरून गाळ काढता यावा, अशी ती सोय. पण उच्छ्वासांमुळे आणखी एक गोष्ट आपोआप साधायची. एका उच्छ्वासापासून पुढच्यापर्यंत नजर टाकली की पायाखालून नळ कुठे जातो ते कळायचं. नकाशा जमिनीवरच मांडलेला. पुढे शहर वाढलं, बरेच उच्छ्वास वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या आड गेले, आणि त्यांच्याबरोबर नळाचा पत्ताही गेला. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना एक जुनं भुयार लागलं, तेव्हा ते कुठल्या काळातलं आणि कशासाठीचं, इथपासूनच चर्चा सुरू झाली.

आजच्या पुण्याच्या रस्त्याखाली पिण्याच्या पाण्याची वाहिनी, ड्रेनेज, पावसाळी गटार, विजेच्या केबली, गॅसचा प्लॅस्टिक पाइप आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या फायबर केबली एकमेकींना खेटून पडलेल्या असतात. ड्रेनेजची झाकणं सोडली तर यातल्या बहुतेकांना उच्छ्वास नाहीत. काय कुठे आहे, किती खोल आहे, हे पुष्कळदा कागदावर एक असतं आणि जमिनीत दुसरंच. खरी माहिती असते ती माणसांच्या डोक्यात. आमच्या भागात पाणी सोडणारे एक चावीवाले काका होते. डांबरावर टाच आपटून ते सांगायचे, ‘हितं हाय व्हॉल्व्ह.’ आणि तो तिथेच निघायचा. ते निवृत्त झाले, त्यानंतर रस्ता दोनदा डांबरला गेला, आणि मग एका गुरुवारी त्याच व्हॉल्व्हसाठी अर्धा दिवस खोदाई चालली होती. (दुरुस्तीसाठी पाणी बंद म्हटलं की पुण्यात गुरुवारच, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी.)

केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केलं. खोदणाऱ्याने जागा आधी कळवायची, म्हणजे तिथे ज्यांच्या वाहिन्या असतील त्यांना सूचना जाते. अशा बेबंद खोदाईने देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असा सरकारचाच अंदाज आहे. ॲपची कल्पना उत्तम आहे. फक्त ज्याला सूचना गेली, त्याला तरी आपली केबल नेमकी कुठे आहे हे माहीत हवं ना!

हे माहीत असण्याच्या शास्त्राला उद्योगजगतात ‘ॲसेट ट्रॅकिंग’ म्हणतात. ॲसेटला मराठीत मालमत्ता म्हटलं की सातबारा डोळ्यांसमोर येतो, म्हणून मी सरळ ‘वस्तू’ म्हणणार आहे. व्हॉल्व्ह ही वस्तू, डीपी, म्हणजे रस्त्याकडेची विजेची पेटी, ही वस्तू, चाकणच्या कारखान्यातला फोर्कलिफ्टही वस्तूच. प्रत्येकीबद्दल तीन प्रश्न असतात: कोणती, कुठे आणि कधी. पहिल्याचं उत्तर डीपीवर रंगवलेल्या क्रमांकाइतकं साधं असू शकतं. दुसऱ्याला उपग्रह लागतात. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात.

‘कुठे’चं उत्तर जीपीएस देतं, पण ते जागा मोजत नाही, वेळ मोजतं. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरणारा उपग्रह सतत पुकारत असतो: मी अमुक ठिकाणी, आत्ता अमुक वाजलेत. हा संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. किती उशिरा आला यावरून तो किती लांबून आला ते कळतं. असे चार उपग्रह ऐकू आले की जागा निश्चित होते. जागेला खरं तर तीन पुरले असते. चौथा लागतो तो आपल्या फोनचं साधं घड्याळ किती चुकतंय ते काढायला. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग इकडेतिकडे झाला तरी जागा फूटभर सरकली.

म्हणून या साऱ्या व्यवहाराचा जीव उपग्रहातल्या अणुघड्याळात असतो. आपल्या ‘नाविक’ या जीपीएससारख्या भारतीय यंत्रणेला याचा चटका बसलेला आहे. २०१३ मध्ये सोडलेल्या तिच्या पहिल्या उपग्रहावरची तिन्ही आयात केलेली घड्याळं बंद पडली. उपग्रह धडधाकट, वीज आहे, रेडिओ आहे, पण वेळ सांगता येत नाही म्हटल्यावर जागा दाखवायला तो निरुपयोगी. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात मग आपण स्वतः बनवलेलं रुबिडियमचं घड्याळ बसवलं.

पुण्याचा या गोष्टीशी एक संबंध आहे, तो टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसतो. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या संस्थेने प्रवासी वाहनांत बसवायच्या ट्रॅकिंग यंत्राचं मानक तयार केलं, एआयएस-१४०. जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना त्यानुसार यंत्र आणि संकटकाळी दाबायचं बटण बसवणं देशभर बंधनकारक झालं. एआरएआय म्हटलं की आपल्याला सूर्योदय आठवतो, हा भाग वेगळा.

बससाठी पाच मीटरची चूक चालते. व्हॉल्व्हसाठी नाही. पाच मीटर म्हणजे सदाशिव पेठेतली गल्ली ओलांडून पलीकडच्या वाड्यात. त्यात पेठांमध्ये संदेश दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून, लांबच्या वाटेने येतो आणि फोन फसतो. अक्षांशातला दशांशचिन्हानंतरचा पाचवा आकडा जमिनीवर साधारण १ मीटर दाखवतो, सातवा १ सेंटिमीटर. फोन मोठ्या ऐटीत सात-आठ आकडे देतो. पाचव्यापासून पुढचे बव्हंशी शोभेचे.

सेंटिमीटरपर्यंत पोचायची युक्ती मला फार आवडते, कारण ती चूक सुधारत बसत नाही, वजा करते. एक ग्राहकयंत्र (रिसीव्हर) पक्की जागा माहीत असलेल्या ठिकाणी कायमचं बसवायचं. वातावरणामुळे उपग्रहाचा संदेश जेवढा रेंगाळतो तेवढा तो या यंत्रालाही चुकवतो. पण आपण कुठे आहोत हे याला आधीच ठाऊक असल्याने चूक किती हे ते तत्काळ सांगू शकतं. आसपास काठीवर रोव्हर, म्हणजे फिरतं ग्राहकयंत्र, घेऊन फिरणाऱ्याला ही चूक मोबाइलच्या जाळ्यावरून कळते आणि तो ती आपल्या उत्तरातून काढून टाकतो. शिवाय ही यंत्रं संदेशातल्या मजकुरावर थांबत नाहीत, संदेश वाहून आणणारी लहरच मोजतात. जीपीएसच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते. तिचा शंभरावा भाग ओळखता आला तर आपण मिलिमीटरच्या गोष्टी करायला लागतो. सर्व्हे ऑफ इंडियाने अशा कायमच्या केंद्रांचं जाळं देशभर उभारलंय, आणि भूमी अभिलेखच्या मोजणीत साखळीच्या जागी रोव्हरची काठी दिसते ती यामुळेच.

इतक्या बारकाईने मोजायला लागलं की तिसरा प्रश्न, ‘कधी’, अंगावर येतो. भारताचा भूपट्ट दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतोय. त्याच्याबरोबर पर्वती सरकते, व्हॉल्व्हही सरकतो. गल्लीपुरतं पाहिलं तर सगळं जागच्या जागी आहे, पण पृथ्वीच्या चौकटीत मोजलेले आकडे वीस वर्षांत मीटरभर जुने होतात. म्हणून चांगल्या नकाशात प्रत्येक आकड्याशेजारी तारीख असते. तारीख नसलेला सेंटिमीटर फारसा कामाचा नाही.

कारखान्यात शिरलं की उपग्रह संपले. पत्र्याच्या छपराखाली तो क्षीण संदेश पोचतच नाही. तिथे वेगळी साधनं लागतात, आणि त्यातलं सगळ्यात स्वस्त साधन तुमच्या गाडीच्या काचेवर चिकटवलेलं आहे. फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरचं यंत्र रेडिओलहरी सोडतं, त्यातल्याच ऊर्जेवर टॅगमधली चिप क्षणभर जागी होते आणि आलेली लहर कमीजास्त परतवून आपला क्रमांक सांगते. आरशाने ऊन पाडून खुणा करावी तसं. हेच टॅग ट्रॉल्यांना, पेट्यांना, लोखंडी साच्यांना लावतात. साच्यांची भानगड अशी की लोखंडाला थेट चिकटवलेला साधा टॅग मुका होतो. धातू त्याच्या अँटेनाचा सूर बिघडवतो, मग मध्ये फोमसारखा थर घालावा लागतो. भोसरीत वर्कशॉप चालवणाऱ्या माझ्या एका मित्राने ही गोष्ट दोनशे टॅग वाया घालवून शिकली.

पण टॅग फक्त ‘दारातून गेला’ एवढंच सांगतो. दारापलीकडे कुठे, हे हवं असेल तर अल्ट्रा-वाइडबँडचे टॅग घ्यावे लागतात. ते अगदी तोकडे, नॅनोसेकंदाच्या हिशेबातले ठोके सोडतात. छताला बसवलेली यंत्रं त्यांच्या येण्याजाण्याची वेळ मोजून १०-३० सेंटिमीटरपर्यंत जागा काढतात. म्हणजे पुन्हा घड्याळच, फक्त उपग्रहाच्या जागी छताची कैची. ब्लूटूथचे टॅग स्वस्त असतात आणि संदेश किती जोरात ऐकू येतो यावरून अंदाज बांधतात. तो काही मीटरने हुकतो, मधे माणूस उभा राहिला तरी हुकतो.

इथे ‘रिअल-टाइम’ या शब्दाबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण विकणारे तो फार सैल वापरतात. फोर्कलिफ्ट माणसाच्या अंगावर जाऊ नये यासाठी सेकंदाच्या आतली बातमी लागते. गोदामातल्या पेटीची तासाने कळली तरी चालते. पाण्याच्या मीटरने दिवसातून एकदा आकडा कळवला तरी पुष्कळ. विजेचा खांब जागचा हलत नाही, त्याला दर मिनिटाला विचारणं म्हणजे बॅटरी जाळणं. रेडिओवर बोलणं हेच या यंत्रांचं महाग काम असतं. कमी बोललं तर तीच बॅटरी काही वर्षं पुरते. लोरासारखी तंत्रं यासाठीच आहेत: संदेश चिमूटभर, वेग गोगलगायीचा, पण मोकळ्यावर कित्येक किलोमीटर जाणारा.

जमिनीवरचं सगळं तुलनेने सोपं आहे. खालचं मात्र अजून अवघड आहे.

विजेची चालू केबल शोधता येते. तिच्याभोवती ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र असतं आणि वरून कॉइल फिरवली की ते ऐकू येतं. बंद केबल किंवा लोखंडी पाइप असेल तर त्यात काही किलोहर्ट्झचा सूर मुद्दाम सोडतात आणि तो ऐकत रस्त्याने चालत जातात. खोली काढायला दोन कॉइल एकाखाली एक धरायच्या, दोघींना ऐकू येणाऱ्या आवाजातला फरक खोली सांगतो. प्लॅस्टिकचा पाइप मात्र यात गप्प राहतो. म्हणून तो पुरतानाच सोबत तांब्याची तार टाकण्याची पद्धत आहे. तार टाकायची राहिली असेल तर उरतो रडार. जमिनीत रेडिओठोका सोडायचा आणि माती बदलते तिथून येणारा प्रतिध्वनी टिपायचा. कोरड्या मुरमात तो बरा चालतो. ओल्या काळ्या मातीत ठोका वरच शोषला जातो. जुलैत पुण्यात रडार फिरवणाऱ्याचं काय होत असेल, कल्पना करा.

गळती शोधायची तऱ्हा आणखी मजेची. दाबाने फुटणारं पाणी आवाज करतं आणि तो पाइपातून दोन्हीकडे धावतो. समजा दोन चेंबरमध्ये १०० मीटर अंतर आहे आणि दोन्हीकडे पाइपाला कान लावल्यासारखे संवेदक बसवलेत. लोखंडी पाइपात आवाज सेकंदाला साधारण १,२०० मीटर जातो. एकीकडे तो दुसरीपेक्षा २० मिलिसेकंद आधी आला, म्हणजे वाटेत २४ मीटरचा फरक. शंभरातून चोवीस वजा करून निम्मे करा: जवळच्या चेंबरपासून ३८ मीटरवर खणा. उपग्रहाचंच गणित, प्रकाशाच्या जागी आवाज.

आता हे शंभर मीटर आले कुठून? नकाशातून. पाइप मधल्या वडाला वळसा घालून गेला असेल आणि त्याची खरी लांबी ११० मीटर असेल, तर गणित बरोबर येऊनही खड्डा चुकीच्या जागी पडतो. पाइप प्लॅस्टिकचा निघाला तर आवाजाचा वेगच एकतृतीयांशाच्या आसपास येतो आणि उत्तर कुठच्या कुठे जातं. संवेदक कितीही महागाचा असो, तो नकाशाइतकाच शहाणा. चावीवाल्या काकांच्या टाचेखाली जे होतं, ते आधी आकड्यांत उतरावं लागतं: कुठला पाइप, कशाचा, किती व्यासाचा, कधी टाकला, कुठल्या व्हॉल्व्हने कुठली घरं बंद होतात. पुरून झाल्यावर हे शोधायला रडार, कॉइल आणि नशीब लागतं. खड्डा उघडा असताना एक काठी पुरते.

गेल्या महिन्यात आमच्या कोपऱ्यावर नवीन लाइन टाकत होते. खड्ड्यात उतरलेल्या एका पोराने व्हॉल्व्हच्या डोक्यावर रोव्हरची काठी टेकवली, काठीवरचा बुडबुडा मध्ये येईपर्यंत थांबला, स्क्रीनवर बोट दाबलं आणि फोटो काढला. मी घड्याळ पाहिलं, दोन मिनिटंही झाली नव्हती. वर जेसीबीवाला मातीने भरलेलं फावडं उचलून थांबला होता. ‘झालं का रे?’ तो ओरडला. पोरगं म्हणालं, ‘थांबा, अजून बेंड राहिलाय.’