ब्रिटिश सैन्यात जनरलपद विकत मिळत असे का?

‘जुन्या ब्रिटिश सैन्यात पुरेसे पैसे मोजले की थेट जनरल होता येत असे’, हे विधान वर्षानुवर्षे फिरत आले आहे. त्याला थोडा आधार आहे, कारण पायदळ व घोडदळात अधिकारपदे खरोखरच विकली जात आणि सामान्य पायदळ पलटणीतील लेफ्टनंट कर्नलपदाची सरकारी किंमत १८२१ च्या दरांनुसार ४,५०० पौंड होती. बेकायदा असूनही त्याहून अधिक रक्कम सर्रास दिली जाई.

मात्र खरेदी याच पदापाशी थांबे. त्यापुढील कर्नल आणि जनरलच्या श्रेणी प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेने मिळत, त्यामुळे तिथे पैशापेक्षा दीर्घायुष्य अधिक उपयोगी पडे, असे म्हणायला हरकत नाही. तोफखाना व इंजिनिअर दलांत तर अशी विक्री नव्हतीच, आणि कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यातील सैन्यातही बढतीचा अधिकृत नियम ज्येष्ठतेचाच होता.

हे ताडून पाहणे सोपे आहे. लंडनच्या सरकारी राजपत्राचे जुने अंक इंटरनेटवर मोफत उपलब्ध असून, ही पद्धत १८७१ मध्ये रद्द होईपर्यंतच्या नेमणुकांपुढे ‘खरेदीने’ किंवा ‘विनाखरेदी’ अशा नोंदी आढळतात. ‘खरेदीने’ ही नोंद लेफ्टनंट कर्नलच्या वर दिसत नाही.