अठराव्या शतकाचा वाद आणि ‘फितवा’ नावाचा शब्द

१७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला, १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मधल्या शतकाला काय म्हणायचे, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतल्या लेखकांनी त्याला बेबंदशाही ठरवले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फारसी साधनांवर हयात घालवणाऱ्या एका बंगाली अभ्यासकानेही दिल्लीचा ऱ्हास म्हणजे देशाचा ऱ्हास, असेच मानले. मेहनत अफाट, पण नजर तख्ताभोवती फिरणारी. पुढे १९६० च्या दशकात मार्क्सवादी मंडळींनी शेतसारा तपासला. जहागिरी सारख्या बदलत, म्हणून जहागीरदाराला हाती आहे तोवर गाव पिळून घ्यायची घाई. त्यात रयत परागंदा झाली, बंडे झाली, साम्राज्य खचले. कारण नवे मिळाले, निष्कर्ष मात्र ऱ्हासाचाच राहिला.

खरा पालट १९८० नंतर झाला. अवध, बंगाल, हैदराबाद, पुणे या दरबारांकडे त्यांच्याच कागदांतून पाहिले जाऊ लागले. सावकारांच्या हुंड्या चालू होत्या, नव्या पेठा वसत होत्या. केंद्र खचले म्हणून प्रांत ओस पडले नव्हते.

याच सुमारास, १९८६ मध्ये, एका डच अभ्यासकाने ‘फितवा’ या शब्दालाच हात घातला, आणि तो वाद आजही निवळलेला नाही. मूळ अरबी ‘फित्ना’: बंडाळी, फाटाफूट. मराठीत तो फितवा, फितुरी झाला आणि त्याला गद्दारीचा कलंक चिकटला. या अभ्यासकाचे म्हणणे वेगळे होते: समोरच्याचे नाराज वतनदार, जमीनदार, सरदार आपल्याकडे वळवून घेणे ही राज्य वाढवण्याची नेहमीची रीतच होती, मोगलही तसेच वाढले, मराठेही. १७३१ ची गुजरातेतली डभईची लढाई घ्या. सेनापती दाभाडे निजामाशी संधान बांधून होते, बाजीरावाशी लढाई झाली, त्रिंबकराव दाभाडे पडले. लगेच साताऱ्याच्या छत्रपती शाहूंनी सेनापतिपद त्यांच्याच धाकट्या भावाला दिले. नुसती गद्दारी म्हटले तर या नेमणुकीचा अर्थ लागत नाही. तडजोड म्हटले की लागतो.

आक्षेपही वजनदार आहेत. सगळाच फितवा ठरला, तर जाळपोळ कुठे गेली? १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. ‘बारगीर’ (सरकारी घोड्यावरचा स्वार) या शब्दावरून झालेला ‘बर्गी’ हा शब्द तिथे आजही पोराला झोपवताना भीती घालायला वापरतात. मराठी वाचकाने हे डोळ्यांआड करू नये. तरीही मला स्वतःला फितव्याची ही नवी उकल बखरीतल्या शिव्याशापांपेक्षा अधिक पटते.

ती पटण्याचे कारण पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले गेले. बाकीचा डोंगर मोडीतच, रुमालांत बांधलेला. त्यातले माळव्याचे हिशेब पुढे एका अमेरिकन संशोधकाने गावागणिक लावले. सुरुवातीला जमीनदाराकडून ठोक खंडणी, नंतर कमाविसदार, म्हणजे सरकारी वसुली अधिकारी, मग गाववार आकारणी. उजाड गावाला कौल, म्हणजे सवलतीचे वचन, बैल-बियाण्याला तकावी, म्हणजे सरकारी कर्ज, आणि इस्ताव्याने, म्हणजे चढत्या क्रमाने, दर साल थोडा थोडा वाढणारा सारा. लुटून निघून जाणारी फौज असले हिशेब ठेवत नाही.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाद शतकाच्या उत्तरार्धाकडे सरकला. सारे सुरळीत चालू होते म्हणावे, तर कंपनी ही आणखी एक देशी वारसदार ठरते आणि तिने केलेली मोडतोड झाकली जाते, हा डाव्यांचा राग रास्त आहे. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, १७६५ मध्ये कंपनीकडे गेली, १७७० मध्ये तिथे भीषण दुष्काळ पडला, आणि त्याच वर्षांत पुण्यात माधवराव पानिपतानंतरची घडी बसवत होते. बंगालच्या नवाबांच्या मुर्शिदाबादेत हे शतक १७६५ ला संपते, शनिवारवाड्यावर निशाण बदलले ते १८१७ च्या नोव्हेंबरात.