बारा-तेरा वर्षांचाच नायक का?

आपल्या जुन्या कहाण्यांमध्ये मूल जन्मते, दिसामासी वाढू लागते आणि पुढच्याच वाक्यात त्याच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. मधल्या वर्षांत त्याच्या मनात काय चालले होते, हे सांगण्याची गरज कहाणीला वाटत नाही. ही वर्षे कथेत आली ती प्रामुख्याने शाळेबरोबर. बालपण आणि काम यांच्यामध्ये शिक्षणाने काही वर्षांची मोकळीक निर्माण केली, तेव्हा लेखकाला त्या वयाचा नायक सापडला. अमेरिकेत मार्क ट्वेनच्या कादंबरीतला उनाड मुलगा टॉम सॉयर १८७६ साली आला, तर स्टॅन्ली हॉल या तिथल्याच मानसशास्त्रज्ञाचा किशोरावस्थेवरचा द्विखंडी ग्रंथ १९०४ साली. शास्त्राने सविस्तर दखल घेण्याआधी कथेने हे वय हेरले होते.

या वयाची निरागसता लेखकांना भावते, असे म्हटले जाते. मला ते कारण अपुरे वाटते. या वयात सगळे कळू लागलेले असते, पण कोणी काही विचारत नाही, आणि कथेला नेमका असाच साक्षीदार हवा असतो. विदर्भातल्या खेड्यात हा उंबरठा पोळ्याला स्पष्ट दिसतो. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात लहान मुले सजवलेले लाकडी बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तो लाकडी बैल ओढण्याची लाज वाटू लागते, आणि खऱ्या जोडीचा कासरा तर बाप अजून त्याच्या हाती देत नाही. तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची पारंपरिक गाणी, ऐकत उभ्या असलेल्या त्या मुलाला आपल्या बैलांच्या पाठीवरची झूल यंदाही जुनीच आहे हे दिसते, आणि ती का बदलली नाही हेही उमगते.

मुलींच्या वाट्याला ही मोकळीक फार उशिरा आली. १८९१ च्या कायद्याने मुलींचे शरीरसंबंधासाठीचे संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेले, तेवढ्यावरूनही महाराष्ट्रात वादळ उठले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले. मुलगा कथेत उनाडक्या करीत असे, त्या वयात कितीतरी मुली सासरी गेलेल्या असत. विदर्भात मुली फेर धरून म्हणतात ती भुलाबाईची गाणी आठ वर्षांची मुलगी खेळ म्हणून म्हणते; बाराव्या वर्षी त्याच गाण्यांतली सासू-नणंद तिला आपल्या दाराशी येऊन ठेपल्यासारखी वाटते.

आजही अनेक गावांतली जिल्हा परिषदेची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि पुढे तालुक्याची एसटी धरावी लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची हमीही ६ ते १४ या वयापुरतीच आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आईसोबत वावरात जाणारी, आणि पुढच्या वर्षी शाळेत घालायचे की नाही यावर ज्या घरात बोलणे चालू आहे तिथे भाकरी थापत सगळे ऐकणारी मुलगी मराठी कादंबरीची नायिका म्हणून अजून फारच थोड्या वेळा आली आहे.