कौल, ब्रिजमोहन

(१ मे १९१२–१९७२). भारतीय भूदलातील लेफ्टनंट जनरल आणि १९६२ च्या चीन युद्धात नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आघाडीवरील चौथ्या कोअरचे, म्हणजे काही डिव्हिजन मिळून होणाऱ्या सैन्यगटाचे, सेनापती. सँडहर्स्टहून १९३३ साली कमिशन मिळाले. पुढे पायदळ सोडून ते आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे रसद-वाहतुकीच्या शाखेत गेले. महायुद्धात आघाडीवर पलटण लढवण्याचा अनुभव त्यांच्या गाठी नव्हता, आणि टीकाकारांनी हे कधी विसरू दिले नाही.

कामाचा उरक मात्र दांडगा. अंबाल्यात चौथ्या डिव्हिजनचे प्रमुख असताना त्यांनी जवानांकडूनच वसाहत बांधून घेतली. नेहरू खूश झाले. सराव सोडून जवानांना विटा वाहायला लावल्याबद्दल लष्करात नाके मुरडली गेली.

१९५९ मध्ये लष्करप्रमुख थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी बिनसल्याने राजीनामा दिला व मागे घेतला. वादाच्या मुद्द्यांत कौल यांची बढतीही होती. १९६१ मध्ये थिमय्यांची पसंती असलेले, नेफाच्या बचावाची योजना आधीच मांडणारे एस. पी. पी. थोरात डावलले गेले. थापर लष्करप्रमुख झाले, कौल चीफ ऑफ जनरल स्टाफ, म्हणजे लष्करी मुख्यालयातले वरिष्ठ अधिकारी.

१९६२ मध्ये नेफातील धोला भागातून चिन्यांना हुसकावण्यास तिथल्या कोअरचे सेनापती उमरावसिंग यांनी रसदीअभावी हरकत घेतली, तेव्हा नवी चौथी कोअर काढून ती कौल यांना दिली गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते तेजपूरला आले आणि थेट आघाडीवरच्या नामका चू नदीच्या काठी पोहोचले. वाटेत दम लागला, तेव्हा हमालाच्या पाठीवर बसून चढण पार केली. त्यांच्यावरचा भित्रेपणाचा आरोप म्हणूनच टिकत नाही. चुकला तो अंदाज. १० तारखेला त्सेंग जोंग या भारतीय ठाण्यावरचा चिनी हल्ला त्यांनी स्वतः पाहिला, तरी दिल्लीच्या बैठकीनंतर तिथली सातवी ब्रिगेड नदीकाठीच राहिली. १८ तारखेला फुफ्फुसाच्या आजाराने त्यांना दिल्लीला हलवले आणि ते अंथरुणातून हुकूम सोडू लागले. २० तारखेला ही ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. तिचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी चिन्यांच्या हाती लागले.

मधले काही दिवस हरबक्षसिंग यांनी कोअर सांभाळली. २९ ला कौल परतले. १८ नोव्हेंबरला से ला ही खिंड सोडली गेली, आणि तिथे मोडली ती त्यांचीच जुनी चौथी डिव्हिजन.

कौल पायउतार झाले. १९६७ च्या आत्मचरित्रात त्यांनी दोष बहुतांशी इतरांवर ढकलला. तेजपूरला त्यांच्या जागी आलेले सॅम माणेकशा मेनन-कौल यांच्या चलतीच्या काळात स्वतःच चौकशीला सामोरे गेलेले होते.